पहिली कादंबरी, पाचवे पुस्तक

आम्हा मास्तर मंडळींना एक जुनी खोड आहे. कोणत्याही लेखकाविषयी बोलायला उभे राहिले, की आधी फळ्यावर त्याचे नाव लिहायचे, शेजारी कंसात जन्मसाल टाकायचे आणि खाली त्याची पुस्तके सालवार उतरवायची. मुले ती यादी वहीत लिहून घेतात, परीक्षेत जशीच्या तशी आम्हाला परत करतात आणि लेखकाची वाढ कशी झाली ते आपल्याला समजले, असा दोन्ही पक्षांचा गोड समज होतो.

एकदा तौलनिक साहित्याच्या तासाला मी अशीच एक यादी फळ्यावर लिहिली. नाव होते हिलरी मँटेल, जन्म १९५२. खाली ओळीने ‘एव्हरी डे इज मदर्स डे’ १९८५, ‘व्हेकंट पझेशन’ १९८६, ‘एट मन्थ्स ऑन गझ्झा स्ट्रीट’ १९८८, ‘फ्लड’ १९८९, ‘ए प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी’ १९९२. ज्या पुस्तकांनी बाईंचे नाव जगभर झाले ती ‘वुल्फ हॉल’ आणि तिची भावंडे पार फळ्याच्या तळाशी. शेवटच्या बाकावरच्या एका मुलीने यादीवर नजर फिरवली आणि विचारले, “सर, या बाई तिशी उलटेपर्यंत काय करत होत्या?”

प्रश्न साधा होता, पण उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. कारण त्या यादीतले पाचवे पुस्तक हेच खरे पहिले. ते लिहायला घेतले १९७४ साली, लिहून हातावेगळे झाले १९७९ साली आणि छापून वाचकांच्या हाती पडले १९९२ साली. मधली तेरा वर्षे ती शेकडो पाने अंधारात पडून होती. आणि त्याच काळाच्या मागेपुढे बाईंच्या देहात एक दुखणे ठाण मांडून बसले होते, ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवायला तयार नव्हते. न वाचलेली कादंबरी आणि न ऐकलेले दुखणे! या दोन्हींनी मिळून एक लेखिका कशी घडवली, त्याचीच ही हकीकत आहे. त्या मुलीला तासाच्या उरलेल्या दहा मिनिटांत ती सांगता आली नाही, म्हणून आज सविस्तर सांगतो.

गिरणगावातली सरदारीण

इंग्लंडच्या उत्तरेकडे, मँचेस्टरच्या पूर्वेला, डोंगराच्या कुशीत ग्लॉसप नावाचे गाव आहे. तिथे ६ जुलै १९५२ रोजी हिलरीचा जन्म झाला. तिचे बालपण गेले ते जवळच्याच हॅडफील्ड या खेड्यात. हे खेडे कापसाच्या गिरण्यांचे. दगडी घरांच्या रांगा, सतत भुरभुरणारा पाऊस आणि एकमेकांच्या घरात काय शिजते याची पक्की खबर ठेवणारे शेजारी. घराणे मूळचे आयरिश, धर्माने कॅथलिक. आजीने गिरणीत काम केलेले, आईही लहान वयातच शाळा सोडून गिरणीत गेलेली. वडील हेन्री थॉम्पसन कारकून होते. तेव्हा मुलीचे नाव हिलरी थॉम्पसन. मँटेल हे नाव नंतर आले, आणि ते कसे आले ही एक वेगळीच कथा आहे.

वाचता येऊ लागण्यापूर्वीच या मुलीला राजा आर्थर आणि त्याच्या सरदारांच्या गोष्टी तोंडपाठ होत्या. मोठेपणी आपण घोड्यावर बसून मोहिमेला जाणार, याविषयी तिला शंका नव्हती. मुलगी असण्याची अडचण होती खरी. पण चार वर्षांचे झाल्यावर आपण आपोआप मुलगा होऊ, असा तिने हिशेब करून ठेवला होता. चौथे वर्ष आले आणि गेले. तसे काही झाले नाही. त्याऐवजी शाळा आली. आपल्या आयुष्याविषयी दुसरेच कोणी निर्णय घेतात, हा पहिला धडा तिथे मिळाला.

दुसरा धडा घरातच मिळाला. हिलरी सहा-सात वर्षांची असताना जॅक मँटेल नावाचे गृहस्थ त्यांच्या घरी राहायला आले. ते पाहुणे नव्हते आणि भाडेकरूही नव्हते. आई आता जॅकबरोबर राहू लागली, आणि वडील त्याच घरात दुसऱ्या खोलीत झोपू लागले. अशी दोन-चार महिने नव्हे, जवळजवळ चार वर्षे गेली. साल १९५८-५९ चे, गाव लहान, समाज कर्मठ. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जिभेला हाड उरले नाही. शाळेतली मुलेसुद्धा हिलरीला गाठून विचारीत, तुमच्याकडे कोण कुठे झोपते? घरात मात्र यातल्या एका शब्दाचाही उच्चार व्हायचा नाही. सगळ्यांना सगळे ठाऊक, आणि बोलायचे कोणी नाही! मुकाट्याने पाहायचे, ऐकायचे आणि मोठी माणसे जे बोलत नाहीत त्यावरून ताळा जमवायचा, ही सवय त्या घराने तिला लावली. पुढे राजदरबारांतली कारस्थाने ज्या लेखणीने रंगवली, तिची धुळाक्षरे इथेच गिरवली गेली असे मला वाटते.

सातव्या वर्षी घराच्या मागच्या बागेत तिला काहीतरी दिसले. काय दिसले ते तिला कधीच नीट सांगता आले नाही. आकार नव्हता, रंग नव्हता. पण काहीतरी दुष्ट तिथे हलले, आणि ते आपल्या आत शिरले, असे तिला वाटले. बाईंनी पन्नाशीत आत्मचरित्र लिहिले, तेव्हाही हा प्रसंग त्यांनी हसण्यावारी नेला नाही. त्याचा अर्थ लावण्याच्या भरीसही त्या पडल्या नाहीत.

हिलरी अकरा वर्षांची झाली तेव्हा आई, जॅक आणि तिन्ही मुले चेशर परगण्यातल्या रोमिली या गावी राहायला गेली. वडील मागे राहिले. नव्या गावात लोकांची तोंडे बंद राहावीत म्हणून मुलांनी जॅकचे आडनाव घेतले. थॉम्पसनची मँटेल झाली ती अशी. त्यानंतर हिलरीने आपल्या वडिलांना कधीही पाहिले नाही. जगातले दोन मोठे सन्मान ज्या आडनावावर पुढे कोरले गेले, ते आडनाव लोकलज्जेपोटी उसने घेतलेले होते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

“सगळे तुमच्या मनात आहे”

मुलगी हुशार होती. कॉन्व्हेंट शाळेत ती सगळ्या मुलींची प्रमुख झाली. धर्मावरची श्रद्धा मात्र बाराव्या वर्षीच सुटली होती. १९७० साली कायदा शिकायला ती ‘लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स’ या नामवंत संस्थेत गेली. बॅरिस्टर व्हायचे मनात होते. पण जेराल्ड मॅकइवन हा भूगर्भशास्त्र शिकणारा तरुण शेफील्डला होता, म्हणून तिने आपले नाव शेफील्डच्या विद्यापीठात हलवले. शिक्षण पुरे होण्याच्या सुमारास विसाव्या वर्षी लग्न झाले. जवळ पैसा नाही, पाठीशी कोणी नाही. बॅरिस्टरकीचा विचार सोडून द्यावा लागला.

आणि तिथेच दुखण्याने डोके वर काढले. खरे तर ते लहानपणापासून होतेच. सतत आजारी पडणाऱ्या या मुलीला गावच्या डॉक्टरांनी ‘कधीच बरी नसणारी’ अशा अर्थाचे एक टोपणनाव ठेवले होते. आता पाय दुखत, पोटात कळा येत, ओकाऱ्या होत, अंगात त्राण उरत नसे. तिने डॉक्टर गाठले. डॉक्टरांनी तपासले, आणि देहात काही सापडेना म्हणून मनाकडे बोट दाखवले. आधी उदासीनतेवरच्या गोळ्या झाल्या. त्यांनी गुण येईना, उलट दिसायला अस्पष्ट होऊ लागले, तशी रवानगी मनोविकारतज्ज्ञाकडे झाली. तिथे निदान झाले ते ऐकून हसावे की रडावे ते कळत नाही. मुलगी फार महत्त्वाकांक्षी आहे आणि अभ्यासाचा ताण तिला सोसत नाही, असे ठरले. एकाच गोष्टीसाठी मुलगा असता तर पाठ थोपटली गेली असती!

मग औषधांची मात्रा चढत गेली. शेवटी वेड लागलेल्यांना देतात ती जहाल औषधे सुरू झाली. त्यांतल्या एकाने तर असा परिणाम केला, की क्षणभर एका जागी बसवेना. जिवाची नुसती तगमग. हा औषधाचा दोष होता. पण बाहेरून पाहणाऱ्याला ते वेडच दिसणार, आणि वेड दिसले की औषध आणखी वाढणार. या चक्रातून सुटका कशी व्हावी? आपण जितके अधिक बोलू तितके अधिक वेडे ठरू, हे तिच्या लक्षात आले, आणि तिने डॉक्टरांकडे जाणेच सोडले.

त्या दिवसांतली एक गोष्ट विसरता येत नाही. रुग्णालयात असताना ती एक कथा लिहीत होती. आपले तान्हे मूल कोणीतरी पळवले आणि त्याच्या जागी भुताखेतांचे मूल ठेवले, अशा समजुतीने झपाटलेल्या एका बाईची ही कथा. मनोविकारतज्ज्ञाला हे कळले, तेव्हा त्याने लिहिणे बंद करायला सांगितले. त्याच्या लेखी ते दुखण्याचे आणखी एक लक्षण होते. कथेतली बाई आणि लिहिणारी बाई यांत फरक असतो, हे त्या सुशिक्षित माणसाला उमगले नाही. ही बदललेल्या मुलाची कल्पना मँटेलबाईंनी टाकली नाही. दहाएक वर्षांनी छापलेल्या पहिल्या कादंबरीत ती बरोबर आपल्या जागी जाऊन बसली.

कपड्यांचे दुकान आणि क्रांती

शिक्षण संपल्यावर बाईंनी काही काळ वृद्धांच्या रुग्णालयात समाजसेविकेचे काम केले. मग मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात त्या बायकांचे कपडे विकू लागल्या. १९७४ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी एक पुस्तक लिहायला घेतले. विषय निवडला तो फ्रेंच राज्यक्रांतीचा!

हा विषय का? बाईंचे उत्तर सरळ होते. फ्रेंच राज्यक्रांतीवर मनासारखी कादंबरी शोधायला गेले, ती सापडली नाही, म्हणून आपणच करायला घेतली. इतिहासकार व्हायचे राहून गेले याची रुखरुखही त्यामागे होती. दिवसा दुकान आणि संध्याकाळी ग्रंथालयातून आणलेली पुस्तके, टिपणे, कार्डे. सुरुवातीला त्यांचा बेत फक्त खरे तेच मांडण्याचा होता. घटना, तारखा, भाषणे सगळी छापील ग्रंथांत आहेत. आपण ती फक्त नीट लावायची. पण काम पुढे सरकले तशी फट दिसू लागली. सभेत कोण काय बोलले ते इतिहास सांगतो. सभेला निघण्यापूर्वी जिन्यात दोन मित्र काय कुजबुजले, ते तो सांगत नाही. ती कुजबूज कुणीतरी रचायला हवी. तेव्हा इतिहासाचे टिपण करता करता बाई कादंबरीकार झाल्या.

नायक तीन. दांतों, रोबस्पिएर आणि कामीय देमुलँ. तिघेही वकील, तिघेही परगण्यातून पॅरिसला आलेले, तिघेही क्रांती पेटली तेव्हा तिशीच्या आसपासचे किंवा त्याहून लहान. कामीय आणि रोबस्पिएर तर एका शाळेत शिकलेले. ५ एप्रिल १७९४ रोजी दांतों आणि कामीय यांची डोकी गिलोटिनखाली उडाली, आणि ती उडवण्याला रोबस्पिएरची संमती होती. त्याच वर्षी २८ जुलैला रोबस्पिएरही त्याच वाटेने गेला. जगाने रोबस्पिएरला रक्तपिपासू राक्षस ठरवून टाकले आहे. बावीस वर्षांच्या या दुकानातल्या मुलीला मात्र ते पटत नव्हते. ज्याला सगळ्यांनी एका शब्दात निकालात काढले, त्याचे स्वतःचे म्हणणे काय होते? हा प्रश्न तिला का पडावा, हे मागचे पान वाचलेल्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

दूर देशी, दुखण्याचे नाव

१९७७ साली जेराल्डला आफ्रिकेतल्या बोत्स्वाना देशात नोकरी मिळाली. बाई टिपणांची बाडे घेऊन त्याच्याबरोबर गेल्या. तिथे त्यांनी काही काळ शाळेत शिकवले, आणि कादंबरी पुढे रेटली. ऊन, धूळ, परका मुलुख, आणि टेबलावर १७९३ सालचे पॅरिस! दुखणे सोबत होतेच. तिथेच एकदा वैद्यकीय ग्रंथ चाळता चाळता बाईंना आपली सगळी लक्षणे एका पानावर ओळीने छापलेली सापडली. त्या दुखण्याला नाव होते: एन्डोमेट्रिओसिस.

हे दुखणे काय असते ते थोडक्यात सांगायला हवे, कारण आपल्याकडेही असंख्य घरांत ते नाव न घेता सोसले जाते. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखे ऊतक या आजारात गर्भाशयाबाहेर, पोटात इतरत्र वाढते. दर महिन्याच्या पाळीबरोबर त्यालाही सूज येते, रक्त सुटते. पण त्या रक्ताला बाहेर पडायला वाट नसते. मग व्रण, चिकटलेली आतडी आणि जीवघेण्या कळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरातल्या जवळजवळ १९ कोटी स्त्रियांना ते आहे. आणि आजही कित्येकींना निदान होईपर्यंत वर्षानुवर्षे ‘बायकांचे चालायचेच’ हेच ऐकावे लागते.

डॉक्टरांना जे सापडले नाही ते रुग्णाने पुस्तकातून शोधून काढले. पण वेळ निघून गेली होती. १९७९ च्या डिसेंबरात, नाताळच्या दिवसांत, लंडनच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली. गर्भाशय गेले, बीजकोश गेले, आतड्याचा काही भाग गेला. वय होते २७. आता मूल होणार नव्हते. इतके देऊनही दुखणे गेले नाहीच. ते परत आले, आणि त्यावरच्या संप्रेरकांच्या उपचारांनी सडपातळ अंगकाठीची ही तरुणी इतकी फुगली की आरशातली बाई तिला अनोळखी वाटू लागली.

कादंबरी त्याच वर्षी पुरी झाली होती. ती घेऊनच बाई लंडनला आल्या होत्या. त्याच सुमारास प्रकाशकाकडून ती साभार परत आली. एका वर्षात मूल होण्याची शक्यता गेली आणि पाच वर्षे पोटाशी धरलेले पुस्तकही नाकारले गेले. एका मध्यस्थाला बाईंनी लिहिले होते की, हे पुस्तक फ्रेंच राज्यक्रांतीविषयी आहे, हा ऐतिहासिक प्रणयरम्य प्रकार नव्हे. उत्तर आले की, आम्ही ऐतिहासिक प्रणयकथा घेत नाही! पत्र वाचण्याचेही कष्ट घेतले गेले नव्हते. आपल्याकडे ‘स्वामी’ १९६२ साली निघाली आणि १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ऐतिहासिक कादंबरी म्हटले की मराठी वाचकाचे कान टवकारतात. त्या काळच्या इंग्लंडात मात्र ऐतिहासिक कादंबरी म्हणजे झगे, पंखे आणि चोरट्या भेटी, अशी प्रकाशकांची समजूत झालेली होती. त्यात लेखिका अनोळखी, आणि हस्तलिखित उचलायलाच दोन हात लागावेत असे.

दुसरी वाट

इथे एखाद्याने लेखणी ठेवून दिली असती. बाईंनी तसे केले नाही, आणि रडतही बसल्या नाहीत. त्यांनी डाव बदलला. ऐतिहासिक नको ना? मग आजच्या काळातली लिहू. जाड नको ना? बारीक लिहू. आधी दार उघडू द्या, मग मोठे सामान आत आणता येईल. वृद्धांच्या रुग्णालयात आणि समाजसेवेच्या कामात जे पाहिले होते ते सगळे कामाला आले. प्रेतात्म्यांशी बोलणारी एक विक्षिप्त विधवा, तिची मंदबुद्धी समजली जाणारी मुलगी म्युरिएल, तिला अकस्मात झालेले मूल आणि या घरात पाऊल टाकायला घाबरणारी एक तरुण समाजसेविका. अशी ही काळ्या विनोदाची गोष्ट म्हणजे ‘एव्हरी डे इज मदर्स डे’. सरकारी खात्यांत फायली या टेबलावरून त्या टेबलावर जातात, आणि फायलीतले माणूस मात्र कोणालाच दिसत नाही, हे यात असे काही रंगवले आहे की वाचणाऱ्याला आधी हसू येते आणि मग अंगावर काटा येतो. ते कोणाच्या अनुभवाचे बोल आहेत ते आता आपल्याला ठाऊक आहे.

मधल्या काळात संसाराचीही उलथापालथ झाली. १९८१ साली जेराल्ड आणि हिलरी यांचा घटस्फोट झाला, आणि १९८२ साली दोघांनी पुन्हा एकमेकांशीच लग्न केले! ते मात्र शेवटपर्यंत टिकले. नंतर जेराल्डच्या नोकरीपायी सौदी अरबस्तानातल्या जेद्दा शहरात बिऱ्हाड झाले. तिथे बाईला एकटीने बाहेर पडणे मुश्कील, गाडी चालवायला बंदी. घरात कोंडलेली बाई करणार काय? भिंतींना कान लावणार. वरच्या रिकाम्या म्हणवणाऱ्या जागेतून येणारे आवाज, शेजारणींचे अर्धवट बोलणे, नवऱ्यांचे मौन यांतून १९८८ ची ‘एट मन्थ्स ऑन गझ्झा स्ट्रीट’ ही कादंबरी झाली. १९८६ साली जेद्दा सोडली तो आपल्या आयुष्यातला सर्वांत सुखाचा दिवस, असे बाई म्हणत.

पण त्या कोंडवाड्यानेच नशीब उघडले. शिवा नायपॉल हे भारतीय वंशाचे, त्रिनिदादचे लेखक १९८५ साली अकाली वारले. त्यांच्या स्मरणार्थ लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ साप्ताहिकाने परक्या संस्कृतीविषयीच्या लेखनासाठी पारितोषिक ठेवले. १९८७ साली ते पहिल्यांदा दिले गेले, ते जेद्दावरच्या लेखासाठी मँटेलबाईंना. पाठोपाठ त्याच साप्ताहिकात चित्रपट-परीक्षणाचे काम मिळाले, ते १९९१ पर्यंत चालले. १९८९ ची ‘फ्लड’ ही तर लहानपणीच्या गिरणगावाची आणि तिथल्या कॅथलिक मंडळींचीच गंमतीदार गोष्ट. दार आता पुरते उघडले होते.

तेरा वर्षांनी

नव्वदीच्या सुरुवातीस एका वृत्तपत्रासाठी एक लेख लिहिला जात होता. नामवंत लेखकांच्या कधीच न छापलेल्या पहिल्या कादंबऱ्या, असा काहीसा विषय. त्यानिमित्ताने मँटेलबाईंनी जुन्या हस्तलिखिताची गोष्ट सांगितली, आणि त्या बाडावरची धूळ झटकली गेली.

कल्पना करा. बाविसाव्या वर्षी लिहायला घेतलेली पाने चाळिशीच्या उंबरठ्यावर पुन्हा हातात घ्यायची. ती लिहिणारी मुलगी सडपातळ होती, तिला मूल होणार होते, आणि आपल्याला काय झाले आहे ते तिला ठाऊक नव्हते. बाईंना त्या पानांची धास्ती वाटली असल्यास नवल नाही. पण पाने जिवंत निघाली. बाईंनी त्यांवर नव्याने हात फिरवला. विशेषतः सत्तरच्या दशकात ज्या बायका कथेत नुसत्या भिंतीवरच्या चित्रांसारख्या राहिल्या होत्या, त्यांना त्यांनी बोलते केले. १९९२ साली ‘ए प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी’ निघाली, आठशेहून अधिक पानांची. त्या वर्षीचे ‘संडे एक्स्प्रेस’ या पत्राचे मोठे पारितोषिक तिला मिळाले. ‘अधिक सुरक्षित जागा’ असा नावाचा अर्थ. त्या तिघा मित्रांच्या बाबतीत अशी जागा एकच होती, ती म्हणजे थडगे.

पुढचे बहुतेकांना माहीत आहे. २००३ साली ‘गिव्हिंग अप द घोस्ट’ हे आत्मचरित्र आले. या इंग्रजी वाक्प्रचाराचा रूढ अर्थ प्राण सोडणे. पण शब्दशः घेतला तर भुताला सोडून देणे असाही होतो. बाईंनी दोन्ही अर्थ वापरले. न झालेले मूल, न झालेली बॅरिस्टर, निघून गेलेले वडील, ही सगळी भुते त्यांनी त्या पुस्तकात एकेक करून बसवून त्यांच्याशी बोलून घेतले. दुखण्याची हकीकत तीत इतक्या थंड डोक्याने सांगितली आहे, की दया येण्याऐवजी संताप येतो.

मग २००९ साली ‘वुल्फ हॉल’ आली. आठव्या हेन्री राजाचा मंत्री टॉमस क्रॉमवेल हा तिचा नायक. लोहाराचा पोर, बुद्धीच्या जोरावर राजाच्या उजव्या हाताला जाऊन बसलेला. इतिहासाने त्यालाही कपटी खलनायक म्हणून कोपऱ्यात उभे करून ठेवले होते. बाईंनी त्याला विचारले, तुझे म्हणणे काय? पद्धत तीच, मँचेस्टरच्या दिवसांतली. कोणत्या तारखेला कोण कुठे होते याची कार्डे करायची, नाटकासाठी माहीत असलेल्या गोष्टीत फेरफार करायचा नाही, आणि इतिहास गप्प बसतो तिथेच कल्पनेने बोलायचे. ‘वुल्फ हॉल’ला बुकर पारितोषिक मिळाले. २०१२ साली तिच्या दुसऱ्या भागाला, ‘ब्रिंग अप द बॉडीज’लाही मिळाले. हा सन्मान दोनदा मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. तिसरा आणि शेवटचा भाग २०२० साली आला. २२ सप्टेंबर २०२२ रोजी, सत्तराव्या वर्षी, मँटेलबाई वारल्या.

तारखांच्या बाबतीत बाई काटेकोर होत्या, म्हणून एक तारीख नमूद करतो. टॉमस क्रॉमवेलचा शिरच्छेद १५४० साली २८ जुलैला झाला. रोबस्पिएरचा १७९४ साली, तोही २८ जुलैलाच. पहिल्या कादंबरीचा नायक आणि शेवटच्या कादंबरीचा नायक, अडीचशे वर्षांच्या अंतराने एकाच दिवशी गेले. हा योगायोग आहे, दुसरे काही नाही. पण दोघांना न्याय द्यायला उभी राहिलेली बाई एकच होती, हा योगायोग नव्हे. ‘तुझे सगळे मनात आहे’ असे जिला सांगून गप्प बसवले गेले, तिने दुसऱ्याला एका शब्दात निकालात काढायचे नाही, असा जणू नेमच केला. दुखण्याने माणूस मोठा होतो असे मी मुळीच म्हणणार नाही; दुखण्याने माणूस नुसता दुखावतो. वेळेवर कोणी ऐकले असते तर बाईंचे गर्भाशय वाचले असते, आणि त्या मोलापुढे कोणत्याही कादंबरीचे कौतुक मला करवत नाही. बाईंचा मोठेपणा हा की न ऐकण्याचा सूड त्यांनी ऐकण्याने घेतला.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. तिशी उलटेपर्यंत बाई काय करत होत्या? कपडे विकत होत्या, गोळ्या गिळत होत्या, कळा सोसत होत्या, नकारपत्रे वाचत होत्या आणि लिहीत होत्या. पुढच्या तासाला मी फळ्यावर ती यादी पुन्हा लिहिली. या वेळी ‘ए प्लेस ऑफ ग्रेटर सेफ्टी’ सर्वांत वर घातली, समोर १९७४ लिहिले आणि तिथून १९९२ पर्यंत एक लांब रेघ ओढली. त्या रेघेखाली बाकीची चार पुस्तके ओळीने बसली. मुलांनी ती तशीच वहीत उतरवून घेतली. परीक्षेत कोणी तशी लिहिली, तर मी पूर्ण गुण देणार आहे.